निकालाचा फ्लेक्स आणि तीन वर्षांपूर्वीची यादी

जूनमध्ये येरमाळ्याच्या चौकात कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेचे फ्लेक्स तोवर उन्हानं पांढरे पडलेले असतात, त्यांच्याच सांगाड्यावर हे नवे चढतात. कळंब, बार्शी, धाराशिव, लातूर, कधी थेट पुण्याचंही एखादं. मजकूर ठरलेला: 'उज्ज्वल निकालाची परंपरा', 'यंदाचा निकाल ९१ टक्के', गुलालात माखलेली चार पोरं, आणि त्या चौघांपेक्षा मोठा संस्थाचालकांचा फोटो.

ज्युनियर कॉलेजातली मास्तरकी संपल्यापासून दर जूनमध्ये मी ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसतो. फॉर्म भरून द्यायला दुकानदाराची पोरं आहेत. मी फॉर्म भरायच्या आधीचं बोलतो. अशाच एका जूनमध्ये चोराखळीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. खिशात फ्लेक्सचा फोटो काढलेला मोबाईल.

"सर, ह्येच कॉलेज घ्यावं म्हणतो. एक्क्याण्णव टक्के निक्काल हाय."

"एक्क्याण्णव टक्के कशाचे?"

"कशाचे म्हंजी? पोरांचे की!"

मी एक पावती उलटी केली आणि हिशोब मांडला. समजा, तीन वर्षांपूर्वी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला १२० मुलांनी नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला ८५ राहिली. तिसऱ्याला ६०. शेवटच्या परीक्षेला बसली ५८, त्यातली ५३ पास झाली. आता ५८ पैकी ५३ म्हणजे ९१ टक्के. फ्लेक्स खोटा नाही. पण १२० पैकी ५३ म्हणजे ४४ टक्के. नाव घातलेल्या शंभरातली छप्पन पोरं त्या फोटोत कधी येणारच नव्हती.

मुलगी आतापर्यंत ओढणीचं टोक पिळत गप्प उभी होती. ती म्हणाली, "मग ती बाकीची कुठं गेली?"

कॉलेज निवडताना विचारायचा प्रश्न हाच आहे. निकाल किती लागला, हे विचारू नका. तीन वर्षांपूर्वी किती जणांनी नाव घातलं आणि त्यातल्या किती जणांच्या हातात वेळेवर पदवी पडली, हे विचारा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये असा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हे मलाही कळतं. पण बऱ्याच वेळा विचारायची गरजच नसते. उत्तर कॉलेजच्याच वेबसाइटवर पडलेलं असतं, फक्त कुणी उघडत नाही.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये एनआयआरएफ नावाची राष्ट्रीय क्रमवारी सुरू केली. तिच्यात कॉलेजचा नंबर कितवा, हे आपल्या कामाचं नाही; आपल्याकडची बहुतेक कॉलेजं त्या यादीत वर कुठं दिसणारही नाहीत. कामाचं वेगळंच आहे. क्रमवारीसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजला दिलेली सगळी माहिती आपल्या वेबसाइटवर टाकावी लागते. 'एनआयआरएफ' अशी अक्षरं शोधा, ताज्या वर्षाची पीडीएफ उघडा. इंग्रजीत असते, पण तक्ते सोपे आहेत. एका तक्त्यात पहिल्या वर्षाची मंजूर जागा किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, किमान मुदतीत पदवी मिळवणारे किती, नोकरीला लागलेले किती आणि पुढच्या शिक्षणाला गेलेले किती, असे रकाने एकापुढे एक असतात. प्रवेशाच्या रकान्यानं पदवीचा रकाना भागा, शंभरनं गुणा. झाली तुमची टक्केवारी. दुसऱ्या तक्त्यात एकूण विद्यार्थ्यांत मुलं किती, मुली किती, बाहेरच्या राज्यातले किती, आर्थिकदृष्ट्या मागास किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती, आणि त्यांतल्या किती जणांची फी कुणी भरली, हेही असतं. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

एनआयआरएफमध्ये नसलेलं कॉलेज असेल तर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेकडचा अहवाल बघा. नॅकचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजच्या स्वयंअध्ययन अहवालात राखीव जागा किती होत्या आणि त्यावर प्रत्यक्षात किती भरल्या, हे वर्षवार द्यावं लागतं. शेवटच्या वर्षाचा निकालही असतो. मात्र तो निकाल फ्लेक्ससारखाच, परीक्षेला बसलेल्यांवर काढलेला असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

दोन्ही नसेल तर माहितीचा अधिकार आहे. विद्यापीठाला आणि अनुदानित कॉलेजला २००५ चा कायदा लागू आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं लिहीत बसू नका. इतकंच लिहा: 'अमुक वर्षी बी.ए. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, आणि त्याच विद्यार्थ्यांपैकी तीन वर्षांनी तृतीय वर्ष उत्तीर्ण झालेल्यांची संख्या, मुले व मुली वेगवेगळी.' नावं मागू नका. ती मिळणार नाहीत आणि आपल्याला नकोही आहेत. उत्तर हाती येईपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते, म्हणून हा अर्ज मूल बारावीत असताना दिवाळीच्या आसपास टाकावा.

हा हिशोब आपल्याकडे कुणी सहज का मांडत नाही? कारण देशाच्या पातळीवर मोजदाद होते ती मुख्यतः नाव घातलेल्यांची. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी कॉलेजांत होते, त्यात २.०७ कोटी मुली. अठरा ते तेवीस वयाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण २८.४ टक्के बसतं, महाराष्ट्रात ३५.३ टक्के. मुलींचं प्रमाण २८.५, मुलांचं २८.३, म्हणजे मुली किंचित पुढेच. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात अनुसूचित जातींचे विद्यार्थी ४६ लाखांवरून ६६ लाखांवर गेले, अनुसूचित जमातींचे १६ लाखांवरून २७ लाखांवर. नव्या शैक्षणिक धोरणानं २०३५ पर्यंत पन्नास टक्क्यांचं लक्ष्य ठेवलंय. २०२१-२२ मध्येच १.०७ कोटी मुलं उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. पण ही मुलं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लांबीच्या अभ्यासक्रमांना बसलेली असतात. त्यामुळे १.०७ ला ४.३३ नं भागून काही निघत नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं प्रत्येक कॉलेजला ही टक्केवारी जाहीर करावी लागते. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंतची मुदत धरून मोजतात, आणि तरी २०१४ मध्ये दाखल झालेल्यांतले सुमारे ६४ टक्केच त्याच कॉलेजातून पदवीधर झाले. तिकडंही गळती आहेच, फक्त ती छापून लावावी लागते.

आता एक उलटी गोष्ट. टक्केवारी काढायला शिकलात म्हणून तिच्या पायाही पडू नका. ज्या कॉलेजात नव्वद टक्क्यांखाली प्रवेशच मिळत नाही, तिथली पोरं टिकणारच. त्यात कॉलेजची करामत थोडी. उलट येईल त्याला दार उघडं ठेवणारं, पहिलीच पिढी शिकवणारं तालुक्याचं कॉलेज शंभरातली पन्नास पोरं तिसऱ्या वर्षापर्यंत नेत असेल तर तिथल्या मास्तरांना मी हात जोडीन. तुलना करायची तर कळंबची धाराशिवशी करा, बी.ए.ची बी.ए.शी करा. आणि एखाद्या आडवळणाच्या कॉलेजात शंभर दाखल, शंभर पास असं दिसलं तर खूश होऊ नका. सप्टेंबरमधल्या एखाद्या मंगळवारी तिथं जाऊन या. वर्गात किती डोकी आहेत, प्रयोगशाळेच्या टेबलांवर धूळ किती आहे, ग्रंथालयाच्या नोंदवहीत शेवटची सही कोणत्या तारखेची आहे, बघा. काही कॉलेजं फक्त परीक्षेच्या महिन्यात भरतात. नाव घेत नाही. येरमाळ्यातल्या माणसांना ती माझ्याआधी माहीत आहेत.

कुठली दिशा धरायची

येरमाळा कळंब तालुक्यात असलं तरी पदवीसाठी इथून तीन वाटा फुटतात, आणि त्यांतला फरक घरच्यांना पुष्कळदा प्रवेश झाल्यावर कळतो. कळंबला शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय आहे, धाराशिवला रामकृष्ण परमहंस महाविद्यालय. ही दोन्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. बार्शीचं श्री शिवाजी महाविद्यालय, कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या संस्थेचं, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात येतं. बारावीनंतर बार्शीला जाण्यात गैर काहीच नाही, येरमाळ्याची कित्येक घरं जातात. पण विद्यापीठ वेगळं म्हणजे अभ्यासक्रम वेगळा, परीक्षेचं वेळापत्रक वेगळं, नोंदणी क्रमांक वेगळा. मधेच कॉलेज बदलून कळंबला यायचं म्हटलं की मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेची फाइल आली. बार्शीत बी.एस्सी. करून धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात एम.एस्सी.ला यायचं असेल तरी मायग्रेशन लागतंच. निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. माझ्या स्वतःच्या वेळी एका कार्यालयात हा कागद खालच्या कप्प्यात दीड महिना पडून राहिला आणि माझी पुढची जागा गेली. तेव्हापासून मी कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा पेच नव्हता, कारण पर्यायच नव्हते. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात काय काय झालं, ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. विद्यापीठ कुणाचं, या प्रश्नावर इथं घरं जळालेली आहेत. म्हणून कॉलेजात कोण कोण शिकतं, हे मी प्रत्येकाला विचारायला सांगतो.

ते विचारायचं कसं? आज महाराष्ट्रात प्रवेशाचं आरक्षण असं: अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, विमुक्त व भटक्या जमाती मिळून ११, इतर मागास वर्ग १९, विशेष मागास प्रवर्ग २, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १०, आर्थिक दुर्बल घटक १०. कागदावरच्या या जागा सगळीकडे सारख्याच. फरक पडतो तो त्या भरण्यात आणि भरलेली मुलं टिकण्यात. आपल्या जातीची, आपल्यासारख्या गावची, घरातली पहिली शिकणारी मुलं तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दिसतात का? मुलींचं वसतिगृह चालू आहे की नुसती पाटी आहे? पोरीला विचाराल तर ती तिसराच प्रश्न सांगेल: मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का. मी हसत नाही. या एका कारणावरून कॉलेज सोडलेल्या दोन मुली मला माहीत आहेत.

वेगवेगळ्या ठिकाणची मुलं एकत्र आली की काय होतं, ते बघायला लांब जायला नको. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथं देशाच्या कानाकोपऱ्यातून पोरं येतात आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गावांत फिरून अभ्यास करतात. धाराशिव हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, तेव्हा अभ्यासाला विषय कमी नाहीत. आपल्या मुलांनी मात्र ते केंद्र बहुधा फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेलं असतं. एकदा उतरून आत जा. प्रवेश कसा होतो, विचारून या.

गळती कुठं होते

पोरं कॉलेज सोडतात ती 'अभ्यास जड गेला' म्हणून, असं आपण समजतो. माझ्या अनुभवात अभ्यास हे तिसरं-चौथं कारण. पहिली कारणं कॅलेंडरमध्ये असतात.

दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू होतो. कळंब, वाशी, भूम तालुक्यांतली कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. आई-बाप गेले की मागं राहिलेली म्हातारी, शेळ्या आणि धाकटी भावंडं मोठ्या मुलीच्या गळ्यात पडतात. पुढं उन्हाळी परीक्षा, चैत्री पौर्णिमा आणि लग्नसराई जवळजवळ येतात. येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडी वेचायच्या प्रथेसाठी लोटणारी गर्दी म्हणजे नारळ, हळदकुंकू, बांगड्या, रसवंती यांच्यावर पोट असणाऱ्या इथल्या घरांची वर्षाची कमाई. त्या दिवसांत दुकानात हात कमी पडले की पहिला हात कॉलेजच्या पोराचाच ओढला जातो. कुणी तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात कामाला जातो. पोलीस भरती निघाली की मुलं पुस्तक टाकून मैदान धरतात. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे नावाला बी.ए. लावून पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारे. परीक्षेपुरते गावी येतात, एक-दोन विषय राहतात, एटीकेटी साचत जाते. मग एक दिवस जाहिरात निघते आणि पदवीच नसल्यानं अर्ज भरता येत नाही.

म्हणून प्रवेश घेताना एक साधी गोष्ट करा. भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि विद्यापीठाचं वर्षाचं वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवा. परीक्षेचे दोन्ही काळ पेन्सिलीनं रंगवा. त्या दिवसांत लग्न, जावळ, हंगाम, यात्रेचं दुकान, काय काय येतंय ते घरातल्या सगळ्यांनी बघा. कोयत्यावर जाणाऱ्या घरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आहे. समाजकल्याणच्या कार्यालयात जूनमध्येच विचारा, कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर नको.

पैशाची गळती वेगळी. ग्रामीण भागातल्या मुलीला बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट असतो. बारावी झाली की तो बंद. पुढं विद्यार्थी सवलतीच्या पासात दोनतृतीयांश माफ आणि एकतृतीयांश खिशातून. रक्कम फार मोठी नसते, पण ज्या घरात सात वर्षं पोरीच्या प्रवासाला पैसा लागलेला नाही, तिथं ती एकदम डोळ्यांवर येते. "बारावी झाली, आता पासला पैशे पडायलेत," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच हिशोब काढून देतो. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण रोज जाण्या-येण्याला पासच परवडतो.

शिष्यवृत्त्यांची नावं लांबलचक आहेत, ती पाठ करायची गरज नाही; शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर आपला प्रवर्ग आणि उत्पन्न टाकलं की लागू असलेल्या समोर येतात. तीन गोष्टी मात्र माणसं चुकतात. एक, शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे तीन वर्षांची झाली असं समजतात. अर्जाचं नूतनीकरण दर वर्षी करावंच लागतं, आणि दुसऱ्या वर्षी ते राहिलं की फीची थकबाकी दिसते आणि मूल लाजून कॉलेजला जायचं थांबतं. दोन, आधार ज्या बँक खात्याला जोडलेलं आहे ते खातं वेगळंच निघतं, बंद पडलेलं. पैसे तिकडे जातात. तीन, शासकीय वसतिगृहात अर्जच न करता स्वाधार योजनेची वाट बघतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा न मिळाल्यास या योजनेत राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत होते. शहर मोठं तशी रक्कम मोठी. आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं आणि इतर मागास, भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार, अशा तिच्या बहिणी आहेत. पण आधी वसतिगृहाचा अर्ज.

मुलगी इंजिनीअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असेल तर जुलै २०२४ चा शासन निर्णय माहीत हवा. इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती माफी नाही. दलाल नेमकं हेच सांगत नाही.

कागद

जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता वेगळी. वैधता व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. पुराव्याच्या तारखा प्रवर्गाप्रमाणे ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, वडिलांच्या बाजूचा कागद शोधायचा: आजोबांचा शाळेतला प्रवेश उतारा, जुनी जन्म-मृत्यू नोंद, महसुली कागद. आपला भाग निजामाकडं असल्यानं जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत निघतात. शाळेच्या कपाटातलं ते कसर लागलेलं रजिस्टर ज्या दिवशी सापडेल त्याच दिवशी उताऱ्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या. पारधी वस्तीवरच्या पोराकडं १९५० चा शाळेचा दाखला कुठून असणार? पण तेवढ्यानं दार बंद होत नाही. दक्षता पथकाकडून गृहचौकशीची तरतूद नियमात आहे. अर्ज नाकारला तर नकार लेखी घ्या, तोंडी नव्हे.

जुन्या कागदावर उस्मानाबाद आणि नव्यावर धाराशिव असेल तर घाबरू नका, जिल्हा तोच आहे. भीती बाळगायची ती नावाच्या स्पेलिंगची. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकपासबुक या तिन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा आणि दुरुस्ती लागली तर प्रवेशाआधीच उरका.

सुटलेलं शिक्षण परत धरायचं असेल तर

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालंय. यात पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलेल्याला प्रमाणपत्र, दुसरं झाल्यास पदविका, तिसऱ्याला पदवी आणि चौथ्याला ऑनर्स. मधे थांबायचं झालं तर जादा चार श्रेयांकांचा कौशल्याचा भाग करावा लागतो. मिळवलेले श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. कागदावर ही मोठी सोय आहे. मला तिची थोडी धास्तीही वाटते: 'एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालंच की' म्हणून मुलीचं लग्न उरकायला हे नवं निमित्त होऊ नये. तरी मूल थांबतच असेल तर त्याचं श्रेयांकाचं खातं उघडलंय का, कॉलेजनं गुण त्यात चढवलेत का, हे डिजिलॉकरमध्ये स्वतः बघा. नुसतं कॉलेज सोडू नका. सोडताना काय जमा आहे, त्याचा कागद घेऊन सोडा.

त्याआधीच्या जुन्या पद्धतीत अडकलेल्यांना ही बँक थेट उपयोगी पडेलच असं नाही. त्यांनी आधी आपल्या कॉलेजात जाऊन राहिलेल्या विषयांची यादी आणि मुदत किती उरली ते विचारावं. मुदत संपली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं. रोजची हजेरी नाही, पुस्तकं मराठीत. दूरस्थ शिक्षणातली मान्यताप्राप्त पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. दूध घालून, दुकान सांभाळून, लेकरू मांडीवर घेऊन तिथं पदवी घेतलेली माणसं या पंचक्रोशीत आहेत.

चोराखळीकडचे ते गृहस्थ दुसऱ्या जूनमध्ये परत आले. मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करायचं होतं. सोबत त्यांची थोरली लेकही होती, लग्न होऊन वाशी तालुक्यात दिलेली. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलेलं. धाकटीचा फॉर्म भरून होईपर्यंत ती बाजूला बसून राहिली, मग हळूच म्हणाली, "सर, मला परत नाव घालायचं झालं तर आडनाव कोणतं लावू? आधार आता सासरच्या नावाचं आहे."

पदवी होईपर्यंत कॉलेजातलं नाव बदलू नकोस, मी सांगितलं. आधारसोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोड. जातीचे कागद तसेही वडिलांच्याच बाजूनं चालतात. फॉर्मवर दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच नाव लिही. तिनं टेबलावरचं पेन घेतलं आणि फॉर्मच्या पहिल्या चौकोनात माहेरचं आडनाव लिहिलं.